आधी माझी फेरी

आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगावच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना डांगराचा, खरबुजाचा वास येतो, सांजोऱ्यांच्या तळणीचा वास येतो. मला तापलेल्या पत्र्याचा येतो. पत्र्याचा, पेट्रोलचा आणि उकळत्या हळदीचा. यंदाही कडुनिंबाचा मोहर अंगणात पडायला लागला, झोक्याच्या दोऱ्या कोणत्या फांदीला बांधायच्या यावरून पोरींनी भांडणं काढली, आणि मी ओसरीवर गहू निवडता निवडता एकदम थांबले. गल्लीत मोटार नव्हती. वास मात्र आला.

हळदीचं सांगायला हवं. आमच्या मोटारीला पुढे पाण्याची टाकी होती आणि तिला बारीक बारीक भोकं पडली होती. टाकी झाळून आणायची म्हणजे गाडी उभी राहणार, कमाई बंद आणि वर झाळणावळ. मग तोवर काय, तर पाण्यात हळद सोडायची. ती भोकांत जाऊन बसते आणि काही कोस गळती थांबते. त्यामुळे माझ्या डब्यातली हळद कधी पुरायची नाही. शेजारच्या द्वारकाअक्का हे बघून पोट धरून हसायच्या. अक्का पारोळ्याकडच्या, बोली अहिराणी. म्हणायच्या, "मोटारले हळद लागनी व माय! आते लगीन कव्हय?"

बोलायला मला लहानपणापासून जड जातं. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही, म्हणून लिहिते.

ती मोटार यांनी धुळ्याच्या एका वकिलांकडून जुनी घेतली. त्याआधी हे एका कापसाच्या जिनच्या शेठकडे गाडी चालवायचे. शेठचं तोंड फार वाईट. एक दिवस हे दुपारीच घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आता चालवीन ती स्वतःची. मग ती कशी का असेना." ती कशी का असेना अशीच निघाली. रंग एके काळी हिरवा असावा. वरचं कापडी छत दोन ठिकाणी मी माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाने शिवलं होतं. मागचं डावं दार लागायचं नाही, ते नाड्याने बांधायचं. पुढे लोखंडी हँडल घालून दहा वेळा फिरवावं तेव्हा ती खोकायची, मग थरथरायची, मग सगळी गल्ली धुराने भरून टाकून सुरू व्हायची. वकिलांनी देताना म्हणे तिच्यावरून हात फिरवला होता. हे म्हणायचे, "वकील रडले नाहीत, एवढंच." मला आता वाटतं, ते मनातून हसले असतील.

जुन्या मोटारीचा खर्च एकदम येत नाही. एकदम आला असता तर माणूस विकून मोकळा झाला असता. तो थोडा थोडा येतो आणि दर वेळी वाटतं, एवढं केलं की झालं. ट्यूब झाली की टायर, टायर झाला की ब्रेकची सळई, ती झाली की वर्ष सुखाचं जाईल म्हणून आपण नारळ फोडावा, तर त्याच संध्याकाळी दिवा जातो. घरातल्या गोष्टी तिच्या मागे रांगेत उभ्या राहायला शिकल्या. पन्हाळीला ठिगळ हवं होतं, ते पावसाळ्यावर गेलं. माझं लुगडं दसऱ्यावर गेलं. मी कधी कुरकुरले नाही. लोक मला सोशिक म्हणायचे. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता. शेठच्या शिव्या खाऊन आलेला माणूस आपल्या गाडीखाली उताणा पडून शीळ घालायचा, ती शीळ आत चुलीपर्यंत ऐकू यायची.

तिचे आवाज घरात सगळ्यांना पाठ होते. हे जेवायला बसलेले असताना सुद्धा बाहेरून जाणाऱ्या दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून घास थांबवायचे. "ऐकलंस? त्याची कमान बोलतेय." कमान म्हणजे चाकावरचे पोलादी पाटे, एकावर एक ठेवलेले. सगळा धक्का तेच खातात. मला हळूहळू कळायला लागलं, कोणता आवाज नुसती कुरकुर आहे आणि कोणता दुखणं आहे. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण मोटारीची ही बाराखडी मी चुलीजवळ बसून शिकले.

आमच्याकडे दिवाळीला लेक नाही आली तर चालतं. आखाजीला यावंच लागतं. तिला आणायला जातो तो मुराळी, बहुतेक करून तिचा भाऊ. भाऊ बैलगाडी घेऊन सासरच्या दारात उभा राहतो, पाणी पितो, आणि बहीण गाठोडं घेऊन निघते. यांनी मोटार घेतल्यावर गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, आपल्या लेकी मोटारीने येतील. बैलगाडीने तीन दिवस जायचे तिथे एका दिवसात काम. आणि मोटार दारात उभी राहिली की सासूचा चेहरा कसा होतो, ते बघायला मुराळी म्हणून जायला पोरांची झुंबड. चैत्री पौर्णिमा झाली की हे घरी टेकायचेच नाहीत. एरंडोल, पारोळा, धुळे, परत. मग अमळनेरकडे. धुळीने पापण्या पांढऱ्या व्हायच्या. आखाजीच्या त्या पंधरवड्यावर आमचं पावसाळ्यापर्यंतचं घर चालायचं.

आणि त्या पंधरवड्यात मी कधी माहेरी गेले नाही. माझं माहेर जामनेरच्या पुढे, लहानसं गाव. गावभरच्या लेकी आणणाऱ्याची बायको घरी. मी तसं कधी बोलून दाखवलं नाही. माय निरोप पाठवायची, मी परत निरोप पाठवायची, पुढल्या वर्षी. मायची नजर त्या काळात मंद होत चालली होती.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे, त्या वर्षी द्वारकाअक्कांच्या मंजुळेची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. अक्का विधवा. मंजुळा एकटीच, पाठीवर भाऊ नाही. धुळ्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत एका खेड्यात दिली होती. अक्का जिनमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायला जायच्या, दिवसभर रुईच्या धुळीत. हंगाम संपला तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतला इसार यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, मोटारबी तुनी आनि मुराळीबी तूच. तिले भाऊ नही. तू भाऊ व्हईसन जाय." यांनी इसार कपाळाला लावला. मी दाराआडून पाहत होते. भाड्याचे पैसे कपाळाला लावताना मी यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अक्कांचा इसार, आणखी दोन घरांचा इसार, असं मिळून मागचा टायर आला आणि टाकी झाळून झाली. त्या वर्षी हळद माझ्या डब्यात राहिली. कमानीचा एक पाटा मात्र तडकलेला होता. नवा पाटा परगावाहून मागवायचा, त्याला ना वेळ होता ना पैसा. कादर मिस्त्रींनी तो ओल्या चामड्याच्या वादीने आवळून बांधला. वादी वाळली की घट्ट बसते. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की गाडी धुऊन पुसून उभी आहे आणि हे तिच्याकडे बराच वेळ पाहत आहेत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पोरींचा झोका बघत उभी होते. तसं काही मनात धरून नव्हते, निदान मला तरी तसं वाटतं.

"कपडे बांध," हे म्हणाले. "सकाळी तुला जामनेरला सोडतो. मग धुळ्याकडे जाईन."

"आधी अक्कांची मंजुळा..."

"तिला आखाजीच्या आदल्या दिवशी आणायचंय. सासूनेच तसं सांगितलंय. मधे दिवस आहे."

मी आणखी एकदा नको म्हणायला हवं होतं. बायका म्हणतात. पण माझ्या तोंडून नको आलं नाही. माझे हात आधीच खुंटीवरच्या लुगड्याकडे गेले होते.

पहाटे अक्का निरोप द्यायला आल्या. माझ्या ओटीत गूळ घातला. "जाय माय, सुखे जाय. तू परत येस तवलगून मनी मंजुळाबी ई जाई." त्यांचा चेहरा इतका उजळ होता, की मी वाकून नमस्कार करताना तिथेच थोडा वेळ राहिले.

तो रस्ता मला अजून पाठ आहे. नेरीपर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, ढेकळं उन्हाची वाट पाहत पडलेली. पळसाची फुलं संपली होती, कोवळी पानं तांब्याच्या रंगाची. मोटारीत आम्ही दोघंच. मी मागे बसले, डोक्यावरचा पदर दातात धरून, कारण वारा तो उडवून न्यायला बघत होता. हे पुढून ओरडून बोलायचे आणि मी मागून ओरडून उत्तर द्यायची. घरात सासू-सासऱ्यांसमोर आम्ही कधी मोठ्याने बोललो नव्हतो. मोटारीच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी खूप बोलले. काय बोलले ते आठवत नाही. हसले ते आठवतं. आणि ती गाडी! दर कोसाला रुसणारी ती गाडी त्या दिवशी एकदाही खोकली नाही. चढाला सुद्धा तिने दम घेतला नाही. मी मनात म्हटलं, हिला ठाऊक आहे, आज घरची लेक चालली आहे.

माहेरी सगळं गाव गोळा झालं. मायला दिसत नव्हतं नीट, तिने येऊन मोटारीवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. "काय व माय, हिला तं ताप आलाय!" सगळे हसले. ती मात्र खरंच काळजीने म्हणाली होती. मग तिने पदर ओला करून त्या पत्र्यावर ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

गावची पोरं मोटारीला चिकटली होती. कोणी हॉर्नचा रबरी फुगा दाबतंय, कोणी चाकाला हात लावून वास घेतंय. माझ्या भावाची दोघं यांच्या धोतराला धरून उभी. आणि मी, जिने या माणसाकडे कधी हळदीकुंकवाच्या डबीपलीकडे काही मागितलं नव्हतं, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोरांना एक फेरी द्या ना गावातून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली, मागच्या चाकाकडे पाहिलं. मला वाटलं, मी तोंड उघडलं याचंच त्यांना नवल वाटतंय. मग म्हणाले, "चढा रे." पोरं आत, पोरं बाहेर, दाराखालच्या पायऱ्यांवर, छताच्या दांड्यांना लोंबकळत. आमच्या गावची गल्ली म्हणजे नुसते वर आलेले दगड. मोटार त्या दगडांवरून उड्या मारत गेली आणि उड्या मारत आली, आणि दर उडीला पोरं ओरडली. मी मायचा हात धरून ओट्यावर उभी होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी ताठ कधी उभी राहिले नसेन.

आखाजी मायच्या घरी झाली. घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, पितरांना घास गेला. चिंचेला बांधलेला झोका इतका उंच जायचा, की वरून शेजारच्या परसातला राखेचा ढीग दिसायचा. मी न्यायला येणाऱ्या मोटारीची वाट पाहत होते. आली नाही. यांचा निरोप आला, भावासोबत ये. भावाने मला छकड्यातून जळगावला आणलं.

अंगणात मोटार दगडांवर उभी होती. मागचं चाक काढलेलं, कमान खाली लोंबलेली, मोडक्या पायासारखी. कादर मिस्त्री तिच्याजवळ उकिडवे बसले होते. हे घरात नव्हते. मी मिस्त्रींना चहा नेऊन दिला. ते बशीत ओतता ओतता म्हणाले, "भाभी, पाटा गेला. भाऊला मी आधीच बोललो होतो, एक लांबची फेरी काढेल. दुसरीचं माझ्याकडून बोलणं नाही." मग फुंकर घालून म्हणाले, "ओझं सोसतो तो. हादरा नाही सोसत. कुठे दगडांतून गेली होती काय?"

मिस्त्रींनी उत्तराची वाट पाहिली नाही, चहा प्यायला लागले.

झालं होतं ते असं. पारोळ्याच्या पुढे रस्त्यात कमान तुटली, गाडी एका अंगावर बसली. हे तिला तिथेच एका माणसावर सोपवून पायी निघाले, मग कोणाच्या तरी खतगाडीतून, मग पुन्हा पायी. मंजुळेच्या दारात पोचले तेव्हा आखाजीचा दिवस उजाडून वर आला होता. सणाच्या दिवशी सून घराबाहेर निघत नाही. घागर तिने भरायची असते. सासू ओट्यावर होती. आत मंजुळा असेल, पण बाहेर आली नाही. गाठोडं आदल्या संध्याकाळीच सोडलेलं. सासू चार माणसांत म्हणाली, "भाऊ भाडाना, मोटारबी भाडानी. मंग कसाना भरोसा?" यांनी तिथलं पाणी प्यायलं आणि परत फिरले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पारोळ्याकडचे लोक सांगत होते.

जळगावला आल्यावर हे सरळ अक्कांच्या दारात गेले होते. पाट्याचं, जामनेरचं, दगडांचं, सगळं सांगून टाकलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऊन किती शे, पाणी पे." बस.

तेच मला अजून पुरत नाही. कोणी काही लपवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. अक्कांनी एकदा जरी म्हटलं असतं, तुला काय घाई होती गं, तर मी रडले असते, पाया पडले असते, काही तरी झालं असतं. त्यांच्या दारातल्या कडुनिंबाला झोका तसाच बांधलेला होता, सण होऊन गेला तरी. मी खाली मान घालून तिथून जाऊ लागले तर त्यांनी हाक मारली.

"इकडे ये व. कोनी बठनंच नही, मंग झोका सोडू कसा? रिकामा सोडना बरं नही. तू बठ."

"अक्का, मी नको."

"बठ वं."

मी बसले. पाटाच्या खाली पाय धरून बसले. अक्कांनी पाठीला हात लावून झोका दिला, आणि मग दुसरा. त्यांचा हात हलका होता, रुई वेचून वेचून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. मला चोळीतून ती कळत होती.

"तुनी मायना घर झोका केवढा व्हता?" त्यांनी विचारलं.

"असाच होता," मी म्हणाले. इतका मोठा होता, की वरून शेजारचं परस दिसायचं, हे मला सांगता आलं नाही.

जुन्या मोटारीचं मला पुढे जे कळलं ते हे, की ती जिथे मोडते तिथे मोडलेली नसते. तिचं चालणं आतून सरत आलेलं असतं आणि ज्याला ती सुखाने पोचवते त्याला ते दिसत नाही. तो म्हणतो, काय छान चालली. मागून येणारा रस्त्यावर राहतो आणि म्हणतो, काय दगाबाज गाडी. दोघंही गाडीबद्दलच बोलतात. नवी असती तर कोणाची फेरी आधी आणि कोणाची नंतर, याला काही अर्थ नसता. आमच्यासारख्यांच्या घरात असतो. तिथे एकाला मिळालेला वारा कोणाच्या तरी वाट्यातून येतो. मिस्त्रींनी नंतर पाटा बसवून दिला, आणखी काही वर्षं ती चालली, पण मी तिच्यात पुन्हा बसले नाही. हे म्हणायचे, "हिला मोटार लागते." मळमळतं, असं त्यांना वाटायचं. मी तसंच राहू दिलं.

लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं. मोटार अंगणात पावसात उभी राहून गंजली. शेवटी तिचं इंजिन सावद्याच्या एका केळीवाल्याने विहिरीवर पाणी ओढायला नेलं. आता म्हणे तिथे ती घासलेटावर चांगली चालते. एका जागी उभं राहून पाणी उपसायचं, वाट पाहणारं कोणी नाही. हे दुसऱ्याच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाले. पुन्हा शेठ, पुन्हा शिव्या.

मंजुळा त्यानंतर लगेच आलीच नाही. पुढच्या आखाजीला दिवस राहिले होते, त्याच्या पुढच्याला पोर अंगावर. मग एकदा आली, अक्कांच्या आजारपणात. त्यानंतर अक्का गेल्या. कडुनिंबाखालचं ते घर दुसऱ्यांचं झालं. त्या वर्षापासून हे न चुकता आखाजीच्या आधी मंजुळेला आणायला जातात आणि ती आमच्या घरी येते. तिचं माहेर म्हणजे आता आमची ओसरी. यात कोणी काही ठरवलं नाही. सासूही त्यांना आता मुराळीच म्हणते.

यंदा यांना हिवतापाने धरलं. अंगावर गोधड्या घालून सुद्धा दात वाजत होते, आणि तसेच उठून धोतर शोधायला लागले.

"पडून राहा," मी म्हणाले. "मी जाते."

"तू?" त्यांना त्या थंडीतही हसू आलं. "अन तिथे बोलशील काय?"

"बोलणार नाही. बसून राहीन."

मी एकटी कधी पारोळ्यापलीकडे गेले नव्हते. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, मागे भट्टी बांधलेली. माणसं टपावर. रस्त्यावर उतरून मग आतपर्यंत चालत गेले. सासू आता फार म्हातारी झाली आहे, तोंडात दात नाहीत. मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "बाई कव्हयपाईन मुराळी व्हवाले लागनी?"

"त्यांना ताप आलाय," मी म्हणाले.

"मंग बठ. पोरगी वावरमा शे."

मी ओट्यावर बसले. सकाळ होती, ती दुपार झाली. त्या ओट्यावरून रस्ता सरळ दिसतो, थेट बाभळींपर्यंत. मला ते माहीत नव्हतं. कोणतीही गाडी आली की आधी तिची धूळ दिसते, मग पुष्कळ वेळाने गाडी. धूळ सगळ्यांची सारखीच असते. ती उठली की माणूस नकळत उभा राहतो. मी वाट पाहायला आले नव्हते, तरी मी दर वेळी उभी राहत होते, आणि म्हातारी माझ्याकडे बघत होती. एकदा तिने आतून तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

दिवस कलायच्या आधी मंजुळा आली, पाय धुतले, पोरं सासूजवळ ठेवली आणि निघाली. आम्हाला मोटार मिळाली, पण पारोळा सोडल्यावर तिची भट्टी विझली. ड्रायव्हर खाली उतरला, कोळसा ढोसू लागला. उतारू शिव्या देत सावलीला गेले. आम्ही दोघी एका बाभळीखाली बसलो.

"वहिनी," मंजुळा एकदम म्हणाली, "त्या वरीसले गाठोडं सासूनी नही सोडं. मीच सोडं."

"का गं?"

"दिन बुडाले उना. सासू म्हने, आखो थोडी वाट पाय, ई जाई तुना भाऊ. टोमना सोसाले माले येतस, वहिनी. तिनी दया सोसता नही उनी." ती काडीने मातीत रेघा ओढत होती. हसत होती.

मी म्हणाले, "ती फेरी आधी माझी झाली, मंजुळा. मी पोरांना गावातून फिरवायला सांगितलं. दगडांतून." इतकी वर्षं जे कोणाला सांगायची गरजच नव्हती, ते मी पहिल्यांदा तोंडाने सांगितलं.

"माले मालूम शे. मायनी सांगेल व्हतं." तिने काडी टाकून दिली. "मंग काय? आपला दोन्हीमा एक तरी पोचनी मायकडे."

मी तिच्या बोलण्यात टोमणा शोधला. नव्हता.

तेवढ्यात भट्टीने धूर सोडला, इंजिन घरघरलं आणि सगळे धावले. आत एकच जागा मिळाली. मी मंजुळेला खांदे धरून तीत बसवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आते तुम्ही बठा वहिनी. पाळीपाळीनं बठूत." मी मान हलवून नको म्हटलं. एरंडोलला उतारू उतरले, तिच्या शेजारची जागा रिकामी झाली. तिने ती पदराने झाडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वरची दांडी धरून उभीच राहिले.